स्वभाव बदलावा म्हणून ११ जणांच्या गटाने रोज नेमकं काय करायचं? (सोलापूर)

होटगीरोडकर विचारतात:

प्रभूमध्ये सलाम.

सोलापुरातल्या आमच्या मंडळीत ११ जणांचा एक गट सुरू होतोय. तिघे टॉवेल कारखान्यात आहेत. १२ तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. तिघी घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करतात, नगावर मजुरी. दोघे शिक्षक, एक जण बँकेत, आणि दोन आजी. दोन्ही आजींना आणि कारखान्यातल्या एका भावाला शुगर आहे. नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं बाकी सगळं बाजूला पडतं. त्यामुळे माणशी २० मिनिटं धरा, तीही सलग मिळतील असं नाही.

बायबल अभ्यास मंडळीत होतोच. या गटाला बदल हवाय तो चार ठिकाणी: घरात आवाज चढणं, पाठीमागे बोलणं, उसनवारी आणि भिशीच्या पैशात लपवाछपवी, आणि रात्रीचा मोबाइल.

रोजचा क्रम काय असावा? रात्रपाळीवाल्यांनी कसं बसवायचं? उपासाचं काय? गटात काय बोलायचं आणि काय नाही? आणि एका भावाचा प्रश्न आहे की ही सगळी शिस्त म्हणजे कर्माने तारण मिळवणंच नाही का. नेमकी उत्तरं हवी आहेत, "जास्त प्रार्थना करा" एवढंच नको.

---

स्तोत्रवाचक यांचं उत्तर:

त्या भावाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला नाही तर दोन महिन्यांत गटातले अर्धे लोक फुशारकीत असतील आणि अर्धे अपराधीपणात. इफिसकरांस २:८-१० एका दमात वाचा. तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि लगेच पुढच्या ओळीत सत्कृत्यांसाठी निर्माण झालेलो. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्येही तसंच: तुम्ही साधून घ्या, कारण साधून देणारा देव आहे. १ तीमथ्य ४:७ मध्ये पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतला आहे. व्यायामाने कुणी कुणाचा मुलगा होत नाही. मुलगा आधीच आहे, व्यायाम अंगात बळ यावं म्हणून. शिस्तीने देवाचं प्रेम वाढत नाही, आपण त्याच्यासमोर थांबायला शिकतो, एवढंच तिचं काम.

आता बहुतेक गट चुकतात ती जागा. राग येतो त्या क्षणी तो आवरायचा, असं सगळे ठरवतात. त्या क्षणापर्यंत उशीर झालेला असतो. तोंडातून वाक्य निघून जातं आणि मग पश्चात्ताप. काम करायचं ते त्या क्षणाच्या आधीच्या अर्ध्या तासावर, आणि ज्या वेळी राग नाही त्या वेळेवर.

म्हणून पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. छोटी वही घ्या. आवाज चढला की वेळ, जागा, समोर कोण, पोटात अन्न होतं का, झोप किती झाली, एवढं एका ओळीत. सात दिवसांत दिसेल की राग कुठेही, केव्हाही येत नाही. पाण्याचा दिवस, महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रपाळीवरून आल्यावरचा पहिला तास, मुलांच्या अभ्यासाची वेळ, अशा तीन-चार जागा ठरलेल्या असतात. प्रत्येकाने दुसऱ्या आठवड्यात त्यातली एकच जागा निवडायची. चारही सवयींवर एकदम हात घातला तर एकही हलत नाही.

रोजचा क्रम सकाळी ८ ते १० मिनिटांचा आणि रात्री ७ मिनिटांचा ठेवा.

सकाळी आधी अर्धा मिनिट गप्प. मग एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, लांब असेल तर त्याचा तुकडा. ११९ व्या स्तोत्रात १७६ ओव्या आहेत, पण आठ-आठच्या २२ भागांत ते आधीच वाटलेलं आहे, त्याला २२ दिवस द्या. त्यानंतर मार्कच्या शुभवर्तमानातल्या १०-१२ ओव्या, दोनदा. पहिल्यांदा काय घडलं ते कळावं म्हणून, दुसऱ्यांदा कुठे मन अडखळतं ते बघायला. अडखळलं ते वाक्य दिवसभर बरोबर न्यायचं, त्यावरच दोन वाक्यांची प्रार्थना करायची, आणि शेवटचं मिनिट काही न मागता बसायचं. वाचन, मनन, प्रार्थना, स्थिर राहणं, अशा चार पायऱ्या १२ व्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने लिहून ठेवल्या. आपल्या २० मिनिटांतही त्या बसतात. मार्कचे १६ अध्याय अशाने साधारण दोन महिने पुरतात.

वर्षात अख्खं बायबल ही योजना या गटाला देऊ नका. हिशेब बघा: १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपवून माणूस जानेवारी सरता सरता लेवीयापाशी पोचतो. तोवर एखादी रात्रपाळी, एखादं आजारपण झालेलं असतं आणि दहा-बारा अध्यायांची उधारी चढलेली असते. मग तो वाचनच सोडतो. इथे उधारी नाही असं पहिल्याच दिवशी सांगा: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, आज जिथे खूण आहे तिथून पुढे.

रात्रीची ७ मिनिटं जास्त मोलाची. लोयोलाच्या इग्नाशियस या कॅथलिक संताने १६ व्या शतकात शिकवलेली ही पद्धत प्रोटेस्टंट माणसालाही अडचणीची नाही. आधी दिवसातल्या दोन-तीन नेमक्या गोष्टींबद्दल उपकार मानायचे. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासून तास-तास धरून दिवस डोळ्यांपुढून न्यायचा. जिथे चुकलं तिथे नाव घेऊन कबुली द्यायची (१ योहान १:९). शेवटी उद्याची एकच अवघड जागा देवासमोर ठेवायची. हा क्रम उलटू नका. कबुलीपासून सुरुवात केली की चार दिवसांत ती आरोपपत्राची यादी होते आणि माणूस टाळायला लागतो. अंथरुणावर आडवं होऊन करू नका, तिसऱ्या मिनिटाला झोप लागते. आणि "आज मी वाईट वागलो" ही कबुली नाही. "सकाळी सात वाजता मुलीला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालो" ही कबुली.

माफी मागणं हा वेगळा सराव आहे आणि तो गटात शिकवावा लागतो. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. वाक्यात तीनच गोष्टी असाव्यात: मी काय केलं, त्याने तुला काय झालं, आता मी काय भरून देतो. "पण तू पण..." आलं की ती माफी राहत नाही. "माफ केलंस ना?" असं वदवून घेऊ नये, समोरच्याला वेळ लागू शकतो. घरातल्या लहानांची आणि सुनेचीही माफी मागायची असते, आणि सगळ्यांसमोर ओरडला असाल तर सगळ्यांसमोरच.

पैशाच्या बाबतीत शास्त्र फार स्पष्ट आहे आणि आपण ते फार हलकं करतो. गणना ५:६-७ प्रमाणे कबुली, पूर्ण रक्कम, आणि वर पाचवा हिस्सा. भिशीतले १,००० रुपये दाबले असतील तर १,२०० परत. जक्कय या जकातदाराने चौपट कबूल केलं (लूक १९:८). "देवाने क्षमा केली" म्हणून रक्कम बुडत नाही. एकदम जमत नसेल तर तारीख आणि हप्ता लिहून द्या, तोंडी नको.

पाठीमागे बोलण्यावर एक कसरत सुचवतो, ती रागावरही काम करते. आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी कुणी विचारल्याशिवाय स्वतःचं मत द्यायचं नाही आणि स्वतःची बाजू मांडायची नाही. सोपी वाटते. दुपारपर्यंत कळतं की आपली किती वाक्यं फक्त स्वतःला मोठं दाखवायला असतात.

---

रात्रपाळी यांचं उत्तर:

वरचं सगळं ठीक, पण "सकाळ" आणि "रात्र" हे शब्द पाळीवाल्यांसाठी काढून टाका. उठल्यावर आणि झोपण्याआधी, असं म्हणा. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस दुपारी दोन-तीनला उठतो, त्याची सकाळ तीच. कामावरून आल्या आल्या वाचन ठेवू नका, अक्षरं डोळ्यांसमोर नाचतात. त्या वेळी फक्त दिवसाची उजळणी, तीही दोन मिनिटांची: एक उपकार, एक कबुली, झोप. झोप कमी करून केलेली भक्ती पुढच्या दिवशी बायकोवर निघते, म्हणून झोप हीसुद्धा या आठवड्याची शिस्तच समजा. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि खायला दिलं, बोलणं नंतर (१ राजे १९).

मागाच्या खडखडाटात लांब प्रार्थना होत नाही. छोटी प्रार्थना श्वासाबरोबर बसते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेली ही एक: श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". तिला खूण कशाची? कांडी संपून नवी भरायची वेळ आली की एकदा. घड्याळाकडे बघावं लागत नाही, आणि पाळी संपेपर्यंत कित्येक वेळा होते. यंत्रापाशी डोळे मिटायचे नाहीत, मान खाली घालायची नाही, हा नियम पक्का ठेवा.

ताण्याचा एक धागा तुटला आणि मागवाल्याचं लक्ष नसेल तर माग चालूच राहतो आणि कापडात खाली-खालीपर्यंत रेघ पडत जाते. तुटला तिथेच थांबवून गाठ मारली तर बोटभर खोट, तासाने पाहिलं तर वारभर. रात्रीची उजळणी आठवड्याने एकदा करू असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच सांगा, सोलापुरात वेगळं समजवावं लागणार नाही.

शिलाईवाल्या भगिनींचं उलटं आहे: हात गुंतलेले, तोंड मोकळं. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने पुढची. आठवड्याला दोन ओव्या पाठ झाल्या तरी वर्षाला शंभर होतात. याकोब ३ जिभेवर आहे, तिथून सुरू करा.

पाण्याच्या दिवशी वाचन सोडून द्या, अपराधी वाटू देऊ नका. प्रत्येक भांडं भरताना एका माणसाचं नाव घ्या. पहिलं नाव ज्याच्याशी नळावर वाद झाला त्याचं.

विसाव्याचा दिवस रविवारच हवा असा हट्ट पाळीवाल्यांसाठी धरू नका. २४ तास मिळत नसतील तर सलग सहा तास ठरवा. त्यात हिशेब नाही, दुरुस्तीची कामं नाहीत, मोबाइल बंद. उपासनेला मात्र रविवारीच या, पाच तास झोपून आलात तरी चालेल.

---

सिस्टर_सोलापूर यांचं उत्तर:

उपासाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथे भक्तीच्या नावाखाली माणसं दवाखान्यात येतात.

ज्यांना शुगर आहे आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांनी जेवण चुकवायचं नाही. गोळी स्वतःहून बंद करून उपास करणं तर त्याहून वाईट. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायला यंत्र नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर आधी द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. कारखान्यातल्या त्या भावाने खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि बाजूच्या मागवाल्याला सांगून ठेवावं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, किडनीचा त्रास किंवा अल्सर असलेले, १८ च्या आतले, यांनीही अन्नाचा उपास करू नये. त्यांच्यासाठी साखरेच्या चहाचा किंवा मोबाइलचा उपास आहे, आणि तो कमी प्रतीचा नाही.

निरोगी माणसाने पहिले चार आठवडे फक्त एक वेळचं जेवण सोडावं, पाणी पुरेसं प्यावं. बुधवार आणि शुक्रवार हे मंडळीचे फार जुने उपासाचे दिवस, त्यातला एक घ्या. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, ४० दिवस रविवार सोडून मोजतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये येतो, म्हणजे लेंटचा शेवट आपल्याकडच्या उन्हात जातो. तेव्हा कारखान्यात पाण्याशिवाय उपास अजिबात नाही. उपास सोडताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर तुटून पडू नका, पित्त होतं. मऊ भात-वरण किंवा ताक घ्या आणि तासाभराने नीट जेवा.

सोडलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाका आणि महिनाअखेरीस गरजूला द्या. यशया ५८ तेच मागतो. उपासाच्या दिवशी चिडचिड होते म्हणून काही जण उपास सोडून देतात. चिडचिड होते तीच वहीत लिहायची गोष्ट आहे, एरवी ती चहाने आणि खाण्याने झाकलेली असते.

उपासाशी संबंध नाही, तरी तीन गोष्टी गट चालवणाऱ्याला माहीत असाव्यात. रोज पिणाऱ्याने प्रार्थनेच्या जोरावर दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भ्रम, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप उडालेली, जगण्यात रस नाही, हे "विश्वास कमी पडला" असं म्हणून झटकू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि घरात मार खाणाऱ्या भगिनीला "क्षमा कर आणि सोस" हे कुणीही सांगायचं नाही. क्षमा करणं आणि मारणाऱ्याच्या हाताखाली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिला हेल्पलाइन १८१.

---

भजनी यांचं उत्तर:

सगळं पटलं, पण वह्या आणि मिनिटं यांत गाणं राहून गेलं. मराठी ख्रिस्ती माणसाची भक्ती गाऊन घडली आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ख्रिस्ताला ओवी-अभंगात आणलं, कीर्तनात आणलं. टिळक अहमदनगरला ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते त्याच मिशनने सोलापुरातही काम केलं, म्हणजे ही आपल्याच घरची ठेव आहे. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक प्रत्येक घरात आहे आणि रविवारपुरतं उघडलं जातं. महिन्याला एक गीत सगळ्या कडव्यांसह पाठ करा. दोन्ही आजींना हे काम द्या, त्यांना बरीच गीतं येत असतील. वाचलेलं डोक्यात राहतं, गायलेलं ओठांवर येतं, आणि राग ओठांवरच येतो ना.

गटाची रचना. ११ जणांना एकत्र कबुली द्यायला लावू नका, कुणीही खरं बोलणार नाही. दोन ते चार जणांचे लहान गट करा, बाया आणि पुरुष वेगळे. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळ्यांत १७४२ पासून असे साधारण १२ जणांचे वर्ग होते. ब्रिस्टलला त्यांची सुरुवात इमारतीचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करण्यापासून झाली. पैसे घ्यायला घरोघर जाताना माणसं खरी कशी जगतात ते दिसलं, आणि वर्ग त्यातून उभे राहिले. त्याहून लहान गट खुल्या कबुलीसाठी वेगळे असत.

वाटणी करताना एक गोष्ट आधी बघा: कोण कुणाचं देणं लागतो. सावकार आणि कर्जदार, मुकादम आणि कामगार, सासू आणि सून एका लहान गटात नकोत. हे चुकलं तर गट तिसऱ्या आठवड्यात गोड-गोड होतो आणि तसाच राहतो.

बैठक सव्वा तासाची. एक गीत, एक स्तोत्र, मग प्रत्येकाला दहा मिनिटं आणि तीनच प्रश्न: या आठवड्यात देव कुठे दिसला? ठरवलेल्या जागी काय झालं? कुणाशी समेट बाकी आहे? मागितल्याशिवाय सल्ला नाही. "अमुक भगिनीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी ना..." अशी प्रार्थनाविनंती म्हणजे चहाडीच, तिला तिथेच थांबवा. गटातलं काहीही व्हॉट्सॲपवर जाणार नाही. लहान मुलाला किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढंच बाहेर सांगायचं, आणि ते आधीपासून सगळ्यांना माहीत हवं.

---

होटगीरोडकर:

आभार. दोन शंका राहिल्या. फरक दिसायला किती दिवस धरायचे? आणि वही घरच्यांच्या हाती लागली तर?

---

स्तोत्रवाचक:

२१ दिवसांत सवय लागते हे सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात, रोजची एखादी कृती आपोआप व्हायला १८ ते २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला, मधला आकडा ६६. तोही फळ खाणं, पाणी पिणं असल्या साध्या गोष्टींचा. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. एका जागेला नऊ-दहा आठवडे द्या. स्वभाव म्हणाल तर त्याला वर्षं लागतात.

फरक स्वतः मोजू नका. आठव्या आठवड्यानंतर घरातल्या किंवा कामावरच्या एकाच माणसाला विचारा, "माझ्यासोबत राहणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय का?" उत्तर काहीही आलं तरी त्या दिवशी वाद घालायचा नाही. मोबाइलसाठी मात्र आठ आठवडे थांबायला नको: चार्जर स्वयंपाकघरात हलवा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

वहीत दुसऱ्यांची नावं लिहू नका, खूण करा. महिना संपला की त्यातली पुढे न्यायची एक ओळ नवीन पानावर उतरवून घ्या आणि बाकीची पानं फाडून चुलीत टाका.

---

रात्रपाळी:

सुरुवात दिवसपाळीच्या आठवड्यात करा, सोमवारी नको, मंगळवारी. पाळी बदलल्यावर पहिल्या दिवशी अंगच थाऱ्यावर नसतं.